‘स्टोरीत काय दम नाय’ म्हणजे नेमकं काय नाय?

२०२५ च्या सप्टेंबरात दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ सिनेमा आला तेव्हा आमच्या कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातली माणसं घरचं कार्य असल्यासारखी थिएटर गाठून आली. आमच्या फॅमिली ग्रुपवर दुसऱ्याच दिवशी मावसभावाचा मेसेज: ‘एक नंबर. पण स्टोरीत काय दम नाय, इंटरव्हलनंतर काय होतला ता आधीच कळता.’ त्यावर काकी, ज्या एरवी फक्त गुड मॉर्निंगची फुलं टाकतात, त्यांनी लिहिलं, ‘मेल्या, जत्रेत धयकालो बघूक जातस तेवा तुका स्टोरी म्हायत नसता काय?’ (धयकालो म्हणजे आमचं जत्रेतलं दशावतारी नाटक.)

मग जे काय सुरू झालं ते दोन दिवस चाललं. सिनेमा बरा की वाईट हे बाजूला राहू दे, मला त्या भांडणात एक गोष्ट जाणवली की ‘स्टोरी’ हा शब्द दोघंही वापरत होती पण दोघांच्या डोक्यात वेगवेगळं काहीतरी होतं. रिव्ह्यू लिहिणारेसुद्धा हेच करतात, ‘कथा कमकुवत, अभिनय दमदार, तीन स्टार’ असं लिहून मोकळे. कमकुवत म्हणजे काय? जुनी? लॉजिक नसलेली? की शेवट आधी कळला म्हणून राग? तर आज यावरच बोलू, नाटक-सिनेमा चांगला की वाईट हे ठरवताना कथानकाला किती मार्क द्यायचे आणि कशासाठी द्यायचे.

आधी घोळ मिटवू: गोष्ट वेगळी, कथानक वेगळं

कुडाळहून कोल्हापूरला जायचंय. निघणार कुडाळहून, पोचणार कोल्हापूरला, ही झाली गोष्ट. पण आंबोलीतून जायचं, फोंडा घाटातून जायचं की करूळ चढून गगनबावड्याला निघायचं, चहाला कुठे थांबायचं, आणि दरी कुठल्या वळणावर एकदम समोर यायला हवी, हे झालं कथानक. गोष्ट म्हणजे काय काय घडलं. कथानक म्हणजे ते कुठल्या क्रमाने आणि कशातून काय निघालं असं मांडलं. पुढे सगळा लेखभर हे दोन शब्द मी याच अर्थाने वापरणार आहे.

अजून एक उदाहरण घ्या. ‘मुलाची बोट वादळात सापडली. आईने नवस केला. मुलगा परत आला.’ ही गोष्ट, आणि खरं सांगायचं तर किनाऱ्यावरच्या दर दुसऱ्या घरात ही ऐकायला मिळेल. आता असं बघा: एक म्हातारी रोज संध्याकाळी देवळात जायची, एक दिवशी जायची बंद झाली, देवळाच्या दारावरून जाते पण आत पाय टाकत नाही, मुलगा तर घरात सुखरूप आहे, मग हिचं बिनसलं कशावरून हे गावात कोणाला कळेना, आणि शेवटी कळतं की वादळाच्या रात्री तिने देवाला असं काहीतरी कबूल केलंय जे ती देऊ शकत नाहीये. माणसं तीच, घटना त्याच, फक्त आपण घरात कुठल्या दाराने शिरलो ते बदललं. पहिली ऐकून तुम्ही ‘बरं झालं’ म्हणाल, दुसरी ऐकताना ‘मग?’ म्हणाल. हा ‘मग?’ कथानकातून येतो.

गंमत म्हणजे ऑस्करवाले पहिल्या सोहळ्यापासून ‘गोष्टी’ला वेगळं बक्षीस द्यायचे, पटकथेला वेगळं. १९५६ च्या सिनेमांनंतर त्यांनी गोष्टीचं बक्षीस बंदच केलं. (शेवटचं बक्षीस रॉबर्ट रिच नावाच्या लेखकाला मिळालं आणि ते घ्यायला तो आलाच नाही, कारण असा माणूसच नव्हता, काळ्या यादीत टाकलेल्या डाल्टन ट्रंबोने त्या नावाने लिहिलं होतं. ही स्वतःच एक चांगली स्टोरी आहे.)

ग्रीक म्हणतो आत्मा, भरतमुनी म्हणतात शरीर

हा वाद आपल्या ग्रुपवर सुरू झालेला नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने शोकांतिकेचे सहा भाग सांगितले आणि त्यांचा नंबर लावला: पहिलं कथानक, मग पात्रं, विचार, भाषा, संगीत आणि शेवटी डोळ्यांना दिसणारा देखावा. कथानक म्हणजे शोकांतिकेचा जणू आत्माच असं तो म्हणतो. देखावा शेवटच्या नंबरवर टाकलाय हे आमच्याकडच्या स्टेजवर ट्रिकसीनचे चमत्कार दाखवणाऱ्या मंडळींना सांगू नका.

आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात कथानकाला ‘इतिवृत्त’ म्हटलंय, आणि इतिवृत्त हे नाट्याचं शरीर आहे असं सरळ लिहिलंय. शरीर, आत्मा नाही. मुख्य काम रसाचं, रसाशिवाय नाट्यात कशालाच अर्थ नाही. म्हणजे बघणाऱ्याच्या मनात करुण, वीर, हास्य जे काय उमटायला पाहिजे ते उमटलं का, हा खरा सवाल. पण शरीर म्हटलं म्हणून भरताने ते दुय्यम समजून सोडून दिलंय असं समजू नका. त्याने या शरीराची अशी बारीक चिरफाड केलीय की आजचे पटकथेचे क्लासवाले लाजतील. त्यातल्या पाच अवस्था तेवढ्या बघू, कारण त्या आपल्याला शाळेत न जाताही माहीत आहेत.

हापूसची बाग डोळ्यासमोर आणा. थंडी पडली, मोहोर आला, बागायतदाराच्या मनात आलं की यंदा चांगलं पीक घ्यायचं, हा आरंभ. मग फवारणी, राखण, माकडं हाकलणं, हा प्रयत्न. मग सुपारीएवढी कैरी धरली, म्हणजे आशा लागली पण रोज सकाळी खाली गळून पडलेल्या कैऱ्या मोजतोय, ही प्राप्त्याशा, आशा आणि धाकधूक दोन्ही एकत्र. मग अशी वेळ येते की आता फक्त हा एक अवकाळी पाऊस टळू दे, तेवढा टळला की झालंच, ही नियताप्ती. आणि पेट्या भरून गाडीत चढल्या की फलागम, शब्दातच फळ आहे. ज्याने एक सीझन काढलाय त्याला नाटकाचा तिसरा अंक का रखडतो हे समजावायला नको: मोहोरावरून थेट पेटीवर उडी मारली की मजा जाते, आणि कैरी महिनाभर तेवढीच राहिली तरी जाते.

शेवट सगळ्यांना माहीत, तरी पहाटेपर्यंत बसतात

आता काकींच्या मुद्द्याकडे. जे कोकणाबाहेरचे वाचतायत त्यांच्यासाठी: दशावतारी नाटक म्हणजे देवळाच्या जत्रेत रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे दहीकाल्याने संपणारा खेळ, म्हणून बोलताना जत्रेलाच दहीकाला म्हणतात, मालवणीत धयकालो. सुरुवातीला गणपती, सरस्वती, हसवणारा राक्षस संकासुर वगैरे येऊन जातात, त्याला आडदशावतार म्हणतात, आणि मग मुख्य आख्यान, पुराणातलं. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक लाकडी बाक, तोच सिंहासन, तोच पलंग, तोच डोंगर. पेटी, पखवाज, झांज.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान करायचं, कोण राजा, कोण राणी, कोण राक्षस, प्रवेश कसे लागतील एवढं रंगायच्या वेळी ठरतं, आणि मग तोंडाला रंग लावून बाहेर आलं की संवाद ज्याचे त्याने जागच्या जागी बोलायचे. इटलीत कॉमेडिया देल आर्ते नावाचा प्रकार होता तिथेही असंच, प्रवेशांची यादी पडद्यामागे लावलेली असायची आणि बाकी सगळं नटांच्या जिभेवर.

याचा अर्थ लक्षात घ्या. दशावतारात आधीपासून पक्कं असलेलं एकच, ते म्हणजे कथानक. बाकी सगळं उघड्यावर. आणि तरी पहाटे घरी जाताना कोणी म्हणत नाही की आज स्टोरी भारी होती. म्हणतात, आज राजाने संवाद काय टाकले, स्त्रीपार्टीने रडवला, राक्षस जरा पडेल होता. मग कथानकाने केलं काय? माझ्या मते त्याने सगळ्यात मोठं काम केलं: सगळ्यांना कुठे पोचायचंय ते ठाऊक असल्यामुळे कसं पोचायचं याची मोकळीक मिळाली.

दोन वर्षांपूर्वी त्रिपुरारी पौर्णिमेनंतरच्या एका जत्रेत बघितलेला प्रवेश सांगतो. राजाने शब्द दिलाय म्हणून स्वतःच्या मुलाला देवाच्या स्वाधीन करायचंय आणि ते राणीला सांगायचंय. प्रवेश एवढाच. तो नट बाकावर बसला, राणी समोर उभी, आणि हा मुख्य बोलणं सोडून बाकी सगळं बोलत राहिला, जेवलीस काय, पोर झोपला काय, दिव्यात तेल आहे काय. पेटीवाल्याने एकच सूर धरून ठेवला. दहा मिनिटं तरी गेली असतील. मुलगा शेवटी वाचणार, देव प्रसन्न होणार, हे पुढे गोधडीत बसलेल्या पोरांनाही माहीत होतं, तरी माझ्या शेजारचा म्हातारा पुटपुटला, ‘सांग रे आता एकदाचा.’ हा प्रवेश संवादाने रंगला हे खरं, पण तो तिथे लागला नसता, म्हणजे शब्द देण्याच्या प्रवेशाआधी किंवा राणीला दुसरीकडून आधीच कळल्यावर लागला असता, तर दिव्यातल्या तेलाची चौकशी ही नुसती चौकशी राहिली असती. जागा कथानकाने करून दिली, ती भरली नटाने. मार्क देताना दोघांना वेगळं करता येत नाही, पण जागाच नसेल तर कितीही मोठा नट आणा, तो फक्त आवाज चढवतो.

मग स्पॉयलरवर एवढी मारामारी का?

दुसऱ्या टोकाला लंडनमधलं अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’. १९५२ पासून चालू आहे, मध्ये कोविडमध्ये बंद पडलं तेवढंच. प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर कोणाला सांगू नका. सिनेदिग्दर्शक हिचकॉकने तर १९६० साली ‘सायको’ सुरू झाल्यावर कोणाला थिएटरात सोडायचं नाही असा नियमच केला होता. म्हणजे असं कथानक असतं ज्याचा जीव लपवण्यात असतो, तिथे शेवट फोडणं हा गुन्हाच, मी स्वतः एकदा एका रहस्यनाटकाचा शेवट बायकोला सांगून दोन दिवस अबोला भोगलाय.

पण त्याच हिचकॉकने एक फरक फार छान सांगितलाय. दोघंजण टेबलाशी बसून गप्पा मारतायत, टेबलाखाली बॉम्ब आहे आणि ते आपल्याला माहीत नाही. बॉम्ब फुटला, पंधरा सेकंद दचकलो, संपलं. आता तोच बॉम्ब आपल्याला आधी दाखवला, भिंतीवर घड्याळही दाखवलं, तर त्याच फालतू गप्पा पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो आपण. पहिला धक्का, दुसरा ताण. ताणासाठी माहिती लपवायची नसते, द्यायची असते. दिव्यातलं तेल आठवा.

यावर अभ्यासही झालेत. २०११ मध्ये सान दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी १२ लघुकथा लोकांना वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून, आणि शेवट माहीत असलेल्यांनी कथांना जास्त मार्क दिले. नंतरच्या काही अभ्यासांत याच्या उलटही निघालं, त्यामुळे हा कागद दाखवून कोणी मुद्दाम शेवट फोडत फिरू नये. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की ‘आधीच कळलं’ ही तक्रार पुरेशी नाही. आधी कळल्यावर बघण्यासारखं काही उरलं का, हे विचारायला पाहिजे. माझा मावसभाऊ या प्रश्नापर्यंत आलाच नाही, तो ‘कळता’वर थांबला.

‘पण लॉजिकच नाय ना!’

हा दुसरा आवडता आरोप. हिरो एवढ्या लवकर पोचला कसा, मोबाईल असताना फोन का केला नाही, असं. ॲरिस्टॉटलचं यावर एक वाक्य आहे की पटण्यासारखं अशक्य चालेल, न पटण्यासारखं शक्य नको. दशावतारात बाकावर चढला की स्वर्ग, कोणी हूं का चूं करत नाही. पण धर्माचा राजा म्हणून तासभर मिरवलेला माणूस एकदम काही कारण नसताना खोटं बोलला तर मागून कोणीतरी ओरडतोच. नियम पुराणातले की फिजिक्समधले हा प्रश्न नसतो, नाटकाने स्वतःच लावलेले नियम पाळले की नाही हा असतो.

ग्रीकांकडे रंगमंचावर देव उतरवायला खरोखरचं यंत्र होतं, एक क्रेनच म्हणा, आणि गुंता सुटेना की लेखक देव खाली सोडायचे. ॲरिस्टॉटलला ते आवडत नसे, गाठ आतून सुटली पाहिजे असं त्याचं म्हणणं. आता तुम्ही म्हणाल की मग दशावतारात तर दर वेळी देवच येऊन सोडवतो, ते कसं चालतं? चालतं कारण तो देव शेवटच्या पाच मिनिटांत आठवलेला नसतो. पहिल्या प्रवेशापासून राणी त्याचीच पूजा करत असते, राक्षस त्यालाच शिव्या घालत असतो. सिनेमात शेवटी जो पोलीस इन्स्पेक्टर टपकतो त्याचं नाव तोवर कोणी काढलेलं नसतं, म्हणून तो खटकतो.

योगायोगाचंही तसंच. ॲरिस्टॉटलच आर्गोस गावची एक हकीकत सांगतो, मितिस नावाच्या माणसाचा खून झाला, पुढे त्याचाच पुतळा अंगावर पडून त्याचा खुनी मेला. योगायोगच, पण असा योगायोग ज्यात काहीतरी हिशोब पुरा झाल्यासारखा वाटतो, तो पचतो. आमच्याकडे याला ‘गाऱ्हाण्याक पावलो’ म्हणतात.

काहीच न घडणारी नाटकं

मग ज्यात काहीच घडत नाही त्याचं काय? आरवलीच्या जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ घ्या, एक म्हातारं जोडपं, मुलं लांब, दिवस काढणं. एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’, घरात माणूस गेलाय, दिवस-कार्यासाठी सगळे जमलेत. गोष्ट विचाराल तर दोन ओळी. पण वाट बघण्यालाही क्रम असतो. आधी कशाची वाट बघितली, मग कशाची सोडून दिली, कुठल्या दिवशी कोणी पहिल्यांदा खोटं हसून दाखवलं. हेही कथानकच, फक्त घाटाऐवजी खाडीतून होडी जावी तसं, पाणी हललेलं दिसत नाही आणि मागे वळून बघावं तर आपला धक्का केव्हाच दिसेनासा झालेला.

कोर्टाची दोन उदाहरणं शेजारी ठेवली तर हे जास्त कळतं. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मध्ये खेळ म्हणून मांडलेला खटला एकेक साक्षीगणिक बेणारेबाईंच्या गळ्याभोवती आवळत जातो. चैतन्य ताम्हाणेच्या २०१४ च्या ‘कोर्ट’ सिनेमात खटला खरा आहे पण आवळत काहीच नाही, तारखा पडतात, वकील घरी जातात, भाजी घेतात, कॅमेराही त्यांच्या मागोमाग जातो. ‘स्लो आहे, स्टोरी पुढेच सरकत नाही’ असं म्हणणारे बरोबरच सांगत असतात, फक्त ते ज्याला दोष म्हणतात तोच त्या सिनेमाचा विषय आहे. न सरकणं दाखवायचं तर सरकून कसं चालेल. अर्थात या आडोशाने कितीतरी जण नुसतं कंटाळवाणं काहीतरी करून ‘आर्ट आहे’ म्हणतात, तेही खरंच. माझी कसोटी एवढीच की शेवटचा प्रवेश पहिल्या जागी टाकला तर फरक पडतो का. पडत नसेल तर ते कथानक नसलेलं नाटक नव्हे, ते न लिहिलेलं नाटक.

आणि आपलं ‘वस्त्रहरण’! १९८० पासून पाच हजारांवर प्रयोग, मच्छिंद्र कांबळींचे तात्या सरपंच घराघरात. गंगाराम गवाणकरांनी लिहिलेली गोष्ट काय, तर गावातली माणसं द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात. महाभारतात काय होणार ते सगळ्यांना पाठ, त्यामुळे सस्पेन्स द्रौपदीचा नाहीच, हे नाटक आज पार पडतं की नाही याचा आहे. हा प्रश्न एकदा टांगून ठेवला की त्याखाली कितीही धिंगाणा घाला, दोर सुटत नाही. लोक म्हणतात नुसती कॉमेडी, स्टोरी नाय. मी म्हणतो तो दोर दिसत नाही एवढा चांगला बांधलाय.

‘ही स्टोरी तर चोरलेली’

हे पटकन. आर. जी. आनंद नावाच्या नाटककाराने आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावरून १९५६ चा ‘न्यू दिल्ली’ सिनेमा चोरला म्हणून केस केली होती, ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९७८ मध्ये ते हरले. कोर्टाने सांगितलं की कल्पना, विषय, प्लॉट, पुराणातल्या-इतिहासातल्या घटना यांच्यावर कोणाचा कॉपीराइट नसतो, हक्क असतो तो मांडणीवर आणि ती कल्पना ज्या रूपात उतरवली त्यावर. आणि चोरी झाली का हे ओळखायची एक मुख्य खूण काय, तर दोन्ही बघितलेल्या प्रेक्षकाला स्पष्ट वाटतं का की दुसरं पहिल्याची नक्कल आहे. कोर्टाने ज्याला प्लॉट म्हटलं ती या लेखाच्या भाषेत गोष्ट, आणि ज्याला मांडणी म्हटलं ते कथानक. तसं नसतं तर जत्रेच्या सीझनमध्ये वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, चेंदवणकर सगळ्या दशावतारी कंपन्या रोज एकमेकांवर नोटिसा काढत बसल्या असत्या, सगळ्यांचा हरिश्चंद्र एकच.

मग बघायचं काय?

मला सगळ्यात उपयोगी पडते ती ॲरिस्टॉटलचीच एक युक्ती, काढून बघायची. एखादा प्रवेश, एखादं पात्र, एखादं गाणं मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवा. बाकीचं डुगडुगलं तर ते कथानकाचा भाग होतं. काहीच झालं नाही तर ते वरून ठेवलेलं होतं. वरून ठेवलेलं सगळं वाईट असं नाही हां, आडदशावतारातला संकासुर आख्यानाच्या हिशोबाने वरूनच ठेवलेला असतो आणि तो नसेल तर पोरं जत्रेला येणारच नाहीत. पण अडीच तासांच्या सिनेमात तासभर माल वरून ठेवलेला निघाला तर ‘स्टोरीत दम नाय’ म्हणायला हरकत नाही, तेव्हा तुम्ही नेमकं काय म्हणताय ते तुम्हाला माहीत असतं.

मावसभावाला मी हे ग्रुपवर लिहिलं तर त्याने अंगठा पाठवला, म्हणजे वाचलं नाही.

पण ही युक्ती आमच्या गावात एकदा आपोआप वापरली गेली होती. शिमग्यात बसवलेल्या नाटकात एक विनोदी नोकर होता, तो करणाऱ्याला ऐन वेळी मुंबईहून सुट्टी मिळाली नाही, गाडीचं तिकीटही नाही. दुसरा कोणी उभा करायला वेळ नव्हता म्हणून दिग्दर्शकाने नोकरच काढून टाकला, त्याची चार वाक्यं इकडे तिकडे वाटली. नाटक वीस मिनिटं आधी संपलं, टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या, आणि प्रेक्षकांत कोणीही विचारलं नाही की यात कोणी कमी आहे का. त्याला आम्ही फोन करून सांगितलंय की तुझ्यावाचून नाटक पडलं, पुढच्या वर्षी नक्की ये.